पोटातली कळ आणि गोळीतला दुसरा घटक

पोटात कळ आली की सातारा असो वा सांगली, मेडिकलच्या काउंटरवर मागणी एकच असते: "पोटदुखीची गोळी द्या." समोरून जी गोळी येते तिच्या नावात बहुतेक वेळा 'स्पास' किंवा 'स्पाज्मो' असतं. पुढच्या वेळी दुकान बदललं की नाव बदलतं, रंग बदलतो, किंमतही बदलते, आणि मग तेच ते प्रश्न सुरू होतात. ही स्ट्राँग की ती? पाळीची गोळी मुरड्याला चालते का? गोळीपेक्षा सुई घेतली असती तर लवकर उतरलं असतं का? बाळाचे थेंब आणि मोठ्या मुलाचं पातळ औषध एकच की वेगळं? गावातल्या डॉक्टरांनी एक गोळी दिलेली असते, मिरजेच्या तज्ज्ञांनी दुसरी लिहिलेली असते, दोन्ही चालू असतात आणि दोन्हींत तोच घटक आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. जत, आटपाडी किंवा सीमेपलीकडच्या अथणी-चिकोडीहून मिरजेला येणाऱ्या रुग्णांच्या पिशवीत असा दुहेरी डोस सहज होऊ शकतो.

ब्रँडची ब्रँडशी तुलना करून या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत. कळ सैल करणारे घटक मोजके आहेत आणि एक घटक दुसऱ्यापेक्षा फार सरस आहे असं कुणी दाखवून दिलेलं नाही. गुण आणि धोका यांत मोठा फरक पडतो तो या घटकासोबत घातलेल्या दुसऱ्या घटकामुळे, आणि औषध थेंब, गोळी की सुई यापैकी कोणत्या रूपात घेतलं यामुळे. म्हणून गोळी निवडताना मोठ्या अक्षरातल्या नावाखालची बारीक ओळ वाचायला शिका.

आधी ठरवा: ही कळ गोळीवर भागणारी आहे का?

आतड्याच्या भिंतीतले स्नायू आवळले की कळ येते, सुटले की ती ओसरते. लाटेसारखी येणारी, मध्ये थांबणारी, शौचाला झाल्यावर किंवा वारा सरल्यावर हलकी होणारी कळ ही या औषधांची खरी जागा. पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर मात्र गोळ्यांची तुलना करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा.

- बेंबीभोवती सुरू झालेलं दुखणं काही तासांत उजवीकडे खाली सरकलं आहे आणि चालताना, खोकताना तिथे चमक निघते.
- पोट फुगलं आहे, शौच आणि वारा दोन्ही बंद आहेत, हिरवट उलटी होते आहे. आतडं अडलेलं असताना त्याला आणखी ढिलं करणारं औषध घेणं धोक्याचं असतं.
- पोट हाताला लाकडासारखं कडक लागतं, किंवा शौच डांबरासारखी काळी आहे, किंवा त्यात रक्त आहे.
- पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोराचं दुखून चक्कर येते आहे.
- छातीच्या खड्ड्यात दाब, घाम, धाप आहे. त्यातून मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर अजिबात थांबू नका. हृदयविकाराचं दुखणं कित्येकदा 'गॅस' म्हणून घरीच राहतं.
- ताप आहे आणि त्यासोबत पोटदुखी, वारंवार उलट्या सुरू झाल्या आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर हे डेंगी गंभीर होत असल्याचं लक्षण असू शकतं.
- तान्हं मूल पाय पोटाशी घेऊन थांबून थांबून किंचाळतं, मध्येच मलूल पडतं, शौचात लालसर जेलीसारखं दिसतं.

द्राक्षपट्ट्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तासगाव, पलूस, मिरज भागात फवारणी करून आलेल्या माणसाला पोटात पेटके, जुलाब, तोंडाला लाळ, दरदरून घाम आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या दिसल्या, तर ती कीटकनाशकाची विषबाधा समजा. रुग्णालयात यावर ॲट्रोपिन देतात, जे कळेच्या काही गोळ्यांच्याच कुळातलं आहे. पण घरातल्या गोळीचा डोस या विषापुढे नगण्य आहे आणि ती देऊन वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घ्या आणि निघा.

दोन दुखण्यांत कळेची गोळी सर्रास घेतली जाते, पण मुख्य औषध ती नसतेच. पहिलं दुखणं गॅस्ट्रोचं. आषाढात वारीच्या लोणंद-फलटण वाटेवर असो की कृष्णेच्या पुरानंतरच्या आठवड्यांत, जुलाब-उलट्यांसोबत कळा येतात तेव्हा जीव वाचवतं ते पुडीतलं ओआरएस. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पूर्ण पुडी. अर्ध्या पेल्यात चिमूटभर टाकणं म्हणजे ओआरएस नव्हे. लहान मुलांना त्यासोबत १४ दिवस झिंक. मुलांच्या जुलाबात कळेची औषधं देऊ नयेत असाच जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. दुसरं दुखणं मुतखड्याचं. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत उन्हात राबून पाणी कमी पिणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. पाठीतून जांघेत उतरणाऱ्या या कळेवर 'स्पास'ची सुई मागितली जाते. पण ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेनं २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मुतखड्याच्या कळेसाठी सूज उतरवणारं वेदनाशामक आधी द्यावं आणि आतडं सैल करणारी औषधं देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. तिथे उतारा पडतो तो बहुधा सोबतच्या वेदनाशामकामुळे.

पहिलं नाव: कळ सोडवणारे चार घटक

- डायसायक्लोमिन. आपल्याकडे सर्वात जास्त खपणारा. आतड्याला आवळण्याचा संदेश देणाऱ्या नसांचं काम मंदावतो. तोच संदेश लाळ, डोळे, लघवीची पिशवी आणि घामाच्या ग्रंथींनाही जातो, म्हणून तोंड कोरडं पडणं, अंधुक दिसणं, लघवी अडणं, बद्धकोष्ठ हे त्याचे त्रास.
- हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. त्याच पद्धतीनं काम करतो, पण पोटातून रक्तात फारच थोडा जातो आणि मेंदूत जवळजवळ पोचत नाही. गोळीच्या रूपात त्यामुळे त्रास कमी. हायोसिन मुळात धोतऱ्याच्या कुळातल्या वनस्पतींतून मिळतं. म्हणून धोतऱ्याचं पान-बी पोटदुखीवर चालतं असा अर्थ कुणी काढू नये, त्यानं जीव गेलेला आहे.
- ड्रोटाव्हेरिन. याचा रस्ता वेगळा. थेट स्नायूच्या पेशीवर काम करतो. काचबिंदू किंवा प्रोस्टेट वाढलेल्यांना डायसायक्लोमिनऐवजी डॉक्टर बऱ्याचदा हा घटक निवडतात. रक्तदाब उतरू शकतो, एवढं लक्षात ठेवा.
- मेबेव्हेरिन. आतड्याची संवेदनशीलता वाढलेल्यांसाठी, म्हणजे आयबीएससाठी. जेवणाआधी साधारण वीस मिनिटं, रोज, काही आठवडे. आत्ता आलेली कळ तासाभरात थांबवण्याचं हे औषध नाही. तशी अपेक्षा ठेवली की माणूस दोन दिवसांत सोडून देतो.

या औषधांचा गुण किती, हे एकदा आकड्यांत पाहिलेलं बरं. आयबीएसवरच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेनं २०११ मध्ये घेतलेला एकत्रित आढावा सांगतो की कळेची औषधं घेणाऱ्यांपैकी ५८ टक्के लोकांची पोटदुखी कमी झाली, आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांची. म्हणजे गुण खरा आहे, पण माफक. सात जणांनी औषध घेतलं तर एकाला औषधाचा म्हणून जादा फायदा. बाकीच्यांचं दुखणं एक तर तसंही ओसरलं असतं, नाही तर औषध घेऊनही राहिलं. 'स्ट्राँग'च्या शोधात दुकानं बदलणाऱ्यांनी हा हिशोब डोक्यात ठेवावा.

दुसरं नाव: जोडीदार घटक

आता स्ट्रिप उलटी करा. पहिल्या नावाच्या सोबत अधिक चिन्ह आणि दुसरं नाव दिसेल. बहुतेक वेळा ते चारपैकी एक असतं: पॅरासिटॅमॉल, मेफेनॅमिक ॲसिड, सिमेथिकॉन किंवा क्लोरडायझेपॉक्साइड. सिमेथिकॉन पोटातल्या वायूचे बुडबुडे फोडतं, रक्तात जात नाही, त्याची चिंता नको. बाकी तिघांची ओळख मात्र नीट करून घ्यायला हवी, कारण एकाच आडनावाची भावंडं इथे पूर्ण वेगळ्या स्वभावाची निघतात. 'मेफ्टाल ५००' मध्ये एकटं मेफेनॅमिक ॲसिड आहे, 'मेफ्टाल स्पास' मध्ये ते २५० मिलिग्रॅम आणि सोबत १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन, तर 'मेफ्टाल फोर्ट' मध्ये कळेचं औषधच नाही, पॅरासिटॅमॉल आहे. 'सायक्लोपाम'च्या गोळीत डायसायक्लोमिनसोबत पॅरासिटॅमॉल असतं आणि त्याच नावाच्या पातळ औषधात सिमेथिकॉन. 'ड्रोटिन' एकट्या घटकाची, 'ड्रोटिन एम' मध्ये पुन्हा मेफेनॅमिक. कंपन्या मिश्रण बदलतही असतात, म्हणून ही यादी पाठ करण्यापेक्षा दर वेळी स्ट्रिप वाचणंच खात्रीचं.

जोडीदारामुळे गुण वाढतो का? जर्मनीत १६३७ रुग्णांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीनं हाच प्रश्न विचारला होता. वारंवार कळा येणाऱ्यांना तीन आठवडे कुणाला हायोसिन, कुणाला पॅरासिटॅमॉल, कुणाला दोन्ही एकत्र, तर कुणाला दिखाऊ गोळी दिली. दहा सेंटिमीटरच्या वेदनापट्टीवर दुखणं अनुक्रमे २.३, २.४ आणि २.४ नी उतरलं. दिखाऊ गोळीनं १.९ नी. तिन्ही औषधं दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली, पण एकत्र गोळीनं एकट्या घटकापेक्षा जास्त काही केलं नाही. साधं पॅरासिटॅमॉलही तेवढंच उपयोगी पडलं. घरात ते बहुधा असतंच.

जोडीदाराचे धोके मात्र त्याचे स्वतःचे असतात आणि ते मिश्रणात विरघळून जात नाहीत. पॅरासिटॅमॉलचा धोका दुहेरी डोसचा: तापाची गोळी वेगळी, सर्दीची वेगळी, कळेची वेगळी, आणि तिन्हींत ५००-५०० मिलिग्रॅम. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. दारू पिणाऱ्यांची किंवा यकृताचा आजार असलेल्यांची त्याहून बरीच कमी. क्लोरडायझेपॉक्साइड हे चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या औषधांपैकी आहे. आयबीएसच्या गोळीतून ते महिनोन्‌महिने पोटात जात राहिलं तर त्याची सवय लागते आणि एकदम थांबवलं की त्रास होतो. ते शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद दुकानदाराला ठेवावी लागते.

मेफेनॅमिक ॲसिडवर थोडं थांबू, कारण आपल्याकडे पोटदुखीच्या नावाखाली तेच सर्वात जास्त घेतलं जातं. हे सूज उतरवणारं वेदनाशामक आहे. जठराच्या आवरणाला ते इजा करू शकतं, म्हणजे ज्याचं पोट आम्लपित्तानं किंवा अल्सरनं दुखतं आहे त्यानं ते घेतलं तर दुखणं वाढायची सोय. जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ते मूत्रपिंडाला झेपत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवी वाढवणारं औषध चालू असलेल्या ज्येष्ठांत हा धोका आणखी वाढतो. डेंगीच्या संशयात ते टाळायचं असतं. भारतीय औषधकोश आयोगानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी खास याच औषधाबद्दल सूचना काढली: क्वचित काही जणांत त्यानं 'ड्रेस' नावाची गंभीर ॲलर्जी होते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, यकृत किंवा मूत्रपिंडावर परिणाम, आणि हे सगळं औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी. इतक्या उशिरा पुरळ उठलं की त्याचा संबंध गोळीशी जोडायचं कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून हा कालावधी लक्षात ठेवा.

मिश्रणाचं भवितव्य जोडीदार ठरवतो याचा याहून स्पष्ट पुरावा औषधबाजाराच्या इतिहासात आहे. पोटदुखीच्या नावानं खपणाऱ्या, नशेसाठी वापरल्या जाणाऱ्या निळ्या कॅप्सूल अनेकांना आठवत असतील. त्यांत डायसायक्लोमिन आणि पॅरासिटॅमॉलसोबत डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हे अफूवर्गीय औषध होतं. मे २०१३ मध्ये बंदी आली ती त्याच्यावर. मग त्या जागी ट्रामाडॉल आलं; एप्रिल २०१८ मध्ये तेही अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत गेलं. डायसायक्लोमिन आजही दुकानात आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं १५६ मिश्रणांवर बंदी घातली, त्यात मेफेनॅमिक ॲसिड आणि पॅरासिटॅमॉल यांचं एकत्र इंजेक्शन होतं. सरकारनं बंदी घातलेली नाही म्हणजे मिश्रण योग्यच असणार, असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की ही मिश्रणं बंदीच्या आदल्या दिवसापर्यंत कायदेशीरच होती.

"पण मला याच गोळीनं आराम पडतो"

हा आक्षेप रास्त आहे आणि बहुतेक वेळा तो पाळीच्या दुखण्याबद्दल असतो. तिथे आराम पडतोच, आणि कारणही ठाऊक आहे: पाळीत गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं वाढतात, त्यांनी गर्भाशय आवळतं, आणि मेफेनॅमिक ॲसिड नेमकी तीच रसायनं कमी करतं. म्हणजे पाळीत काम करतो तो जोडीदार. डायसायक्लोमिनचा वाटा किरकोळ. त्याचा डोसही पाहा. आयबीएसमध्ये डायसायक्लोमिनचा गुण ज्या चाचण्यांत दिसला त्यांत दिवसाला १६० मिलिग्रॅम दिलं होतं, आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा डोस कमी करावा लागला. पाळीच्या मिश्रगोळीत असतं १० मिलिग्रॅम. दिवसातून तीन घेतल्या तरी ३०. (हा १६० चा आकडा तुलनेसाठी आहे, स्वतःच्या मनानं कुणीही तिकडे जाऊ नये.)

यातून दोन गोष्टी निघतात. पाळीच्या दुखण्याला ही गोळी चालत असेल, जठराचा, मूत्रपिंडाचा, दम्याचा त्रास नसेल आणि महिन्यातून दोन-तीन दिवसच लागत असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारून, खाऊन झाल्यावर घ्यायला हरकत नाही. एकटं मेफेनॅमिक ॲसिडही बहुधा तेवढंच काम करेल. पण म्हणून तीच गोळी घरातल्या आजोबांच्या मुरड्याला, मुलाच्या जुलाबाला किंवा गरोदर सुनेच्या पोटदुखीला देणं चूक आहे. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर या वर्गातली वेदनाशामकं बाळासाठी धोक्याची असतात.

सुई, थेंब, कॅप्सूल: रूप बदललं की काय बदलतं

"एक सुई मारा, लगेच उतरेल" ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. डायसायक्लोमिन सुईतून दिलं तर तोंडावाटे दिलेल्याच्या साधारण दुप्पट शरीराला मिळतं, आणि उलट्या होत असतील तर गोळी पोटात ठरतच नाही. पण गोळी दीड तासाच्या आत पूर्ण भरात येते. उलट्या नसतील तर सुईनं वाचतो तो एवढाच वेळ. त्याच्या बदल्यात जोखीम येते. डायसायक्लोमिनची सुई स्नायूतच द्यायची असते, शिरेतून दिल्यास गुठळी होऊ शकते. म्हणून कुणी ती सलाइनमध्ये सोडू लागलं तर विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. हायोसिनच्या बाबतीत सुई आणि गोळी यांतला फरक सर्वात मोठा. गोळी आतड्यातच रेंगाळते, सुई मात्र सगळी रक्तात उतरते आणि नाडी एकदम वाढवू शकते. २०१७ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकानं हृदयरुग्णांना ही सुई देताना काळजी घ्यावी असा इशारा दिला होता. हृदयाचा आजार असेल तर सुई टोचण्याआधी तो सांगा. विचारण्याची वाट पाहू नका.

मुलांच्या औषधात सर्वात घातक घोळ थेंब आणि पातळ औषध यांचा होतो. नेहमीच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम डायसायक्लोमिन असतं. पातळ औषधात तेवढंच पाच मिलिलिटरमध्ये. म्हणजे थेंबांच्या बाटलीतून चुकून एक चमचा पाजला तर मुलाच्या पोटात ५० मिलिग्रॅम जातं, मोठ्या माणसाच्या २० मिलिग्रॅमच्या अडीच गोळ्यांएवढं. सहा महिन्यांखालच्या बाळाला तर डायसायक्लोमिन कोणत्याही रूपात द्यायचंच नाही. श्वास मंदावल्याच्या घटनांनंतर ते निषिद्ध ठरलं आहे. तान्ह्याच्या पोटदुखीचे थेंब आणताना खोक्यावर डायसायक्लोमिन हे नाव नाही ना, ते पाहा. नुसतं सिमेथिकॉन, किंवा सिमेथिकॉनसोबत शेपू-बडीशेपेचा अर्क असलेले थेंब वेगळे. नावं आणि खोकी मात्र फसवी सारखी असतात. स्तनदा मातेनंही डायसायक्लोमिन टाळावं.

कॅप्सूलबाबत एवढंच: मेबेव्हेरिनची सावकाश सुटणारी कॅप्सूल आणि पेपरमिंट तेलाची आतड्यात उघडणारी कॅप्सूल फोडू, चावू नका. पेपरमिंटची जठरातच फुटली तर कळेऐवजी छातीत जळजळ पदरी पडते.

डायसायक्लोमिन कुणी टाळावं

- काचबिंदू असलेल्यांनी. प्रोस्टेट वाढून लघवी अडखळणाऱ्यांनी.
- मायस्थेनिया (स्नायू कमकुवत होण्याचा आजार), आतड्याचा तीव्र दाह किंवा जुनाट बद्धकोष्ठ असलेल्यांनी.
- पासष्टीपुढच्यांनी. त्यांच्यात गोंधळलेपण, तोल जाणं वाढतं. घरच्यांना वाटतं वयामुळे झालं.
- ट्रक, एसटी, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी, निदान पहिल्या डोसनंतर अंधुक दिसतं का हे कळेपर्यंत.

उन्हात काम करणाऱ्यांसाठी आणखी एक इशारा, जो चिठ्ठीवर सहसा लिहिलेला नसतो. या औषधानं घाम कमी होतो. एप्रिल-मेच्या उन्हात शेतात, वीटभट्टीवर किंवा हंगाम लांबला असताना उसाच्या फडात राबणाऱ्याचं अंग घामानंच थंड राहतं. घाम बंद झाला की उष्माघात लवकर होतो. पोटात कळ आली म्हणून गोळी घेऊन पुन्हा फडात उतरणं हा म्हणूनच दुहेरी धोका. गोळी घेतली त्या दिवशी दुपारचं काम टाळा. ते शक्य नसेल तर डॉक्टरांना तसं सांगून दुसरा घटक लिहून घ्या.

मेडिकलच्या काउंटरवर तुमचे हक्क

दुकानदार दोन-चार गोळ्या कापून देतो तेव्हा नाव आणि मुदत छापलेला तुकडा बहुधा त्याच्याकडेच राहतो. तुमच्या हातात येतात चार चमकदार खाने, आणि महिन्यानं त्या गोळ्या कशाच्या हे घरात कुणालाच सांगता येत नाही. नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या, किंवा कापण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. पावती मागा; बॅच क्रमांकासह ती देणं दुकानदाराला बंधनकारक आहे. डायसायक्लोमिन आणि मेफेनॅमिक ॲसिड दोन्ही शेड्यूल एच मध्ये आहेत, म्हणजे कायद्यानं चिठ्ठीवरच मिळायला हवीत, आणि चिठ्ठीवर एक ब्रँड असताना दुकानदारानं परस्पर दुसरा देणं नियमात बसत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की घटकाचं नाव, बॅच, मुदत दिसते.

एकट्या घटकाची गोळी मागितली की "ती येत नाही" असं उत्तर मिळू शकतं. यामागे बाजाराचं गणित आहे. डायसायक्लोमिन आणि हायोसिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, त्यांच्या कमाल किमती सरकार ठरवतं; यादीबाहेरच्या मिश्रणांना तशी कमाल किंमत नसते. तेव्हा डॉक्टरांनाच विनंती करा की घटकाचं नाव स्पष्ट अक्षरांत लिहा, आणि ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. तिथली गोळी स्वस्त म्हणून कमी गुणाची असं मानण्याचं कारण नाही; घटक तोच, मिलिग्रॅमही तेच. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हेही विसरू नका.

तक्रारीसाठी हे क्रमांक जपून ठेवा:

- औषधाचा दुष्परिणाम कळवण्यासाठी, राष्ट्रीय औषधसुरक्षा कार्यक्रम: १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही.
- बनावट औषध, मुदत संपलेला माल, चिठ्ठीविना विक्री, महाराष्ट्र अन्न व औषध प्रशासन: १८००-२२२-३६५.
- छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले तर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५.

गोळी वरचेवर लागत असेल तर

दोन दिवसांत उतार नाही, महिन्यात चार-पाच वेळा कळ येते, वजन उतरतं आहे, दुखण्यानं रात्री झोपमोड होते किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच हा त्रास सुरू झाला आहे, तर गोळी बदलणं हा उपाय नाही. पित्ताशयातले खडे, अल्सर, आतड्याचा क्षयरोग, आमांश, थायरॉइडचे विकार, दूध न पचणं आणि क्वचित कर्करोग यांतलं काहीही सुरुवातीला नुसत्या कळेच्या रूपात येतं. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. त्यात रक्तदाबाच्या, झोपेच्या, सांधेदुखीच्या गोळ्याही असू द्या. कागदावर चार ओळी लिहा: कळ कधी येते, जेवणाशी, पाळीशी किंवा शौचाशी तिचा संबंध काय, किती वेळ टिकते, आणि कोणत्या गोळीनं किती वेळात उतरली. सोनोग्राफी सांगितली असेल तर उपाशी जायचं का, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा, म्हणजे मिरजेची किंवा कराडची फेरी वाया जाणार नाही.